आबेदाचा आरसा

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत हाशमभाईंचं चष्म्याच्या काचा घासायचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. गावातले चष्मेवाले नंबर लिहून काचा पाठवायचे आणि इथून त्या घासून, पॉलिश होऊन परत जायच्या. पाटी हाशमभाईंच्या नावाची होती, पण १९८५ साली त्या दुकानातून बाहेर पडणारी जवळजवळ प्रत्येक काच त्यांच्या धाकट्या मुलीच्या, आबेदाच्या हातची असे. हाशमभाईंचे हात थरथरू लागले होते. चहाची बशीसुद्धा आबेदा त्यांच्या ओठांशी धरायची.

आबेदा तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. आई लहानपणीच गेलेली, मोठी बहीण जरीना मालेगावला दिलेली. आबेदा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकली आणि मग दुकानात बसली. त्याच्याही आधी, लहान असताना, याच दुकानात एक काच फुटून तिची कपची तिच्या डाव्या डोळ्यात गेली होती. डोळा राहिला, नजर गेली. त्या डोळ्यापायी तिची दोन-तीन स्थळं मोडली होती. त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे. काच मात्र तिने सोडली नाही.

मी त्या काळी धुळ्यातल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचो. आमचे विज्ञानाचे तोताराम सर वर्षभर एकच गोष्ट बोलत होते. हॅलेचा धूमकेतू येणार. शहात्तर वर्षांनी एकदा येतो, आता चुकला तर आपल्या आयुष्यात पुन्हा नाही. सरांना शाळेसाठी दुर्बीण हवी होती. परदेशातून मागवायची तर आयात परवाना, सीमाशुल्क आणि दिल्लीपर्यंतचा पत्रव्यवहार. तेवढ्यात धूमकेतू येऊन गेला असता. मग त्यांनी एका विज्ञान मासिकात वाचलं की दुर्बिणीचा आरसा हातानेही घासता येतो. जाड काचेच्या दोन चकत्या घ्यायच्या, मध्ये कुरुंदाची पूड आणि पाणी घालायचं आणि एकीवर दुसरी घासत राहायचं. वरची काच हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. खोलगट झाली तिला पॉलिश करायचं, वर चांदीचा थर द्यायचा, की झाला आरसा.

वाचायला सोपं होतं. सर मला घेऊन हाशमभाईंकडे गेले.

हाशमभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “सर, चष्म्याची काच दोन बोटांची असते. तुम्ही वीतभर काच म्हणताय. आणि त्यात केसाच्याही हजाराव्या हिश्शाची चूक चालत नाही म्हणताय. हे आमच्या दुकानाचं काम नाही.”

आतून पाण्याचा आवाज येत होता, तो थांबला. ओले हात ओढणीला पुसत आबेदा दारात आली.

“अब्बा, मी करते,” ती म्हणाली. मग सरांना विचारलं, “धूमकेतू केव्हा येणार?”

“डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी दिसेल,” सर म्हणाले. “मग सूर्याच्या उजेडात बुडेल. मार्चमध्ये पुन्हा पहाटे दिसेल.”

“पहाटे बायका कशा येतील बघायला? संध्याकाळचाच धरा.”

हाशमभाई तिच्याकडे बघत राहिले. “काचेनं तुझा एक डोळा घेतलाय, बेटी.”

“दुर्बिणीत एकाच डोळ्याने बघतात ना, सर?” तिने विचारलं. सरांनी हो म्हटल्यावर ती पुन्हा आत गेली आणि पाण्याचा आवाज सुरू झाला.

जाड काच धुळ्यात मिळेना. ती आणली आबेदाच्या मामूंनी. रमजानमामू मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक चालवायचे. मुंबईच्या दारूखाना बंदरात जुनी जहाजं तोडतात, तिथल्या भंगारात जहाजाच्या गोल खिडक्यांच्या काचा मिळतात, हे त्यांना ठाऊक होतं. कांद्याच्या रिकाम्या पोत्यांत गुंडाळून त्यांनी दोन काचा आणल्या. हिरवट, अंगठ्याएवढ्या जाड, एकीच्या कडेवर समुद्राचं मीठ अजून धरलेलं.

परसात एक लोखंडी पिंप वाळूने भरून उभं केलं. त्यावर एक काच पक्की बसवली. दुसरी तिच्यावर ठेवून आबेदा पुढे-मागे रेटायची, थोडी फिरवायची आणि स्वतः पिंपाभोवती एक पाऊल सरकायची. सगळ्या बाजूंनी सारखं घासलं जावं म्हणून हे फिरणं. सकाळी चष्म्याचं काम, दुपारच्या नमाजानंतर आरसा. खर्र-खर्र असा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. आधी जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक वेळी पूड बदलताना ती पिंप, फरशी, स्वतःचे हात आणि नखंसुद्धा धुऊन काढायची, कारण जाड पुडीचा एक कण राहिला तरी काचेवर चरा जातो.

गल्लीत चेष्टा सुरू झाली. “चांद पीस रही है,” म्हणून पोरं ओरडायची. जरीना मालेगावहून आली ती एक स्थळ घेऊन. बिजवर होता, दोन मुलं होती, माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्याकडच्यांनी ऐकलं होतं की मुलगी परसात दिवसभर काच घासते आणि शाळेचे मास्तर येऊन बघून जातात.

“हे बंद कर, ते लोक लगेच हो म्हणतील,” जरीना म्हणाली.

“आपा, जानेवारीनंतर येऊ दे त्यांना.”

“जानेवारीपर्यंत कोण थांबतं?”

“धूमकेतू तर अजिबात थांबत नाही,” आबेदा म्हणाली आणि हात चालूच ठेवला.

स्थळ गेलं. हाशमभाई दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आबेदाला वाईट वाटलं नसेल असं नाही. मी त्या आठवड्यात गेलो तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. पण आरशाचा खोलगटपणा तिने आणखी वाढवला होता. कडेला पट्टी लावून तिने मला तो दाखवला. पट्टीखालून उजेड दिसत होता.

दिवाळीनंतर पॉलिशची वेळ आली. राळ आणि डांबर वितळवून खालच्या काचेवर थर द्यायचा, तो कोमट असतानाच आरसा वर दाबायचा म्हणजे थराला आरशाचा आकार येतो, आणि मग चष्म्याच्या पॉलिशची लाल पावडर लावून घासायचं. त्या सकाळी थंडी फार होती. आरसा परसात उघड्यावर होता. आबेदाने तो उचलला आणि गरम राळेवर टेकवला. टक् असा लहानसा आवाज झाला. कडेपासून मधोमधपर्यंत एक रेघ गेली.

आठ महिन्यांचं काम होतं ते. तोताराम सर पिंपाशेजारी खाली बसले. “माझं चुकलं,” ते म्हणाले. “आरसा आधी कोमट पाण्यात ठेवायला हवा होता. मी वाचलं होतं, सांगायचं राहिलं.”

आबेदाने आरसा उजेडात धरून रेघ नीट पाहिली. मग तो भिंतीशी ठेवला.

“मामू परवा मुंबईला जाणार आहेत,” ती म्हणाली. “त्यांना आजच सांगायला हवं.”

“आबेदा, दोन महिन्यांत कसं होईल? आपण मार्चची पहाट धरू.”

“पहिल्यांदा मला काय करायचं ते माहीत नव्हतं म्हणून आठ महिने लागले. आता माहीत आहे.”

मामूंना या खेपेला एकच काच मिळाली, तीही पोटात एक बुडबुडा असलेली. सरांनी मासिक चाळून सांगितलं की बुडबुडा आत खोल असेल तर चालतो. आबेदाने चष्म्याची कामं सकाळऐवजी दुपारवर नेली आणि उजाडल्यापासून आरसा घ्यायला लागली. आणि एक दिवस मी गेलो तर परसात वेगळंच दृश्य दिसलं. हाशमभाई पिंपाजवळ स्टुलावर बसले होते. थरथरत्या हाताने ते पूड टाकू शकत नव्हते, पण कान लावून बसले होते.

“पूड मेली,” ते म्हणाले. “आवाज बसलाय. नवी टाक.”

आबेदाने नवी पूड टाकली. त्या दिवसापासून स्टूल परसातून हललं नाही.

पॉलिश झाल्यावर परीक्षा. खोलीत अंधार करायचा, डब्याला सुईने भोक पाडून आत दिवा ठेवायचा, आणि आरशातून परत आलेला उजेड ब्लेडच्या धारेने कापत आरशाकडे बघायचं. उंचवटा असेल तिथे सावली दिसते. पहिल्या दिवशी ती सावली सरांना दिसेना, आबेदालाही दिसेना. दोघं आळीपाळीने बसायचे. चौथ्या-पाचव्या खेपेला सर ओरडले, “कडेला! कडेला बघ!” कड उतरलेली होती, म्हणजे तिथे काच जास्त घासली गेली होती. ती सारखी करण्यात डिसेंबर गेला. सर शाळा सुटली की सायकल दामटत यायचे, आबेदाने घासलेलं तपासायचे, आणि दोघं मिळून उद्या कुठे किती घासायचं ते ठरवायचे.

चांदीचा थर मात्र हाशमभाईंनी सांगितला. तरुणपणी ते आरसे बनवणाऱ्याकडे कामाला होते. सिल्व्हर नायट्रेट किती, अमोनिया किती, साखरेचं पाणी केव्हा ओतायचं, सगळं त्यांच्या तोंडी होतं. ते बोलत गेले, ती करत गेली. ताटातलं तपकिरी पाणी गढूळ झालं आणि त्याच्या तळाशी काच उजळत गेली. आबेदाची बोटं पुढे कितीतरी दिवस काळी राहिली.

नळी पत्र्याची केली. आरसा बसवायचं पितळी कडं सोनगीरला झालं, कारण पितळेचं काम करायचं तर सोनगीरच. तिथल्या उखर्डू तांबटाने आरसा फडक्यातून काढून पाहिला आणि विचारलं, “हाई काय भांडं शे का? काय म्हनतस याले?”

“दुर्बिणीचा आरसा,” आबेदा म्हणाली. “यातून धूमकेतू बघायचा आहे.”

“मंग पह्यले आमना गावले दखाडा,” उखर्डू म्हणाला. आधी आमच्या गावाला दाखवा, एवढीच त्याची अट होती. तशीही सोनगीरला किल्ल्याच्या पायथ्याशी मोकळं मैदान होतं आणि धुळ्यासारखे दिवे नव्हते.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी रमजानमामूंच्या ट्रकमधून दुर्बीण सोनगीरला आली. शाळेच्या मोडक्या सूक्ष्मदर्शकाचं भिंग तिला डोळ्याशी लावलेलं होतं. सूर्य बुडाला. पश्चिमेला चंद्राची कोवळी कोर, तिच्याखाली गुरू. बायका भोगीच्या भाकरी आटोपून आल्या होत्या, पोराटोरांसह अर्धं गाव मैदानात होतं. सरांनी नकाशा बघून दुर्बीण वळवली, आबेदाने डोळा लावला, हाताने हळूच सरकवत गेली आणि थांबली.

“आहे,” ती म्हणाली. तेवढंच.

मग रांग लागली. मीही पाहिलं. खरं सांगायचं तर कापसाचा पिंजलेला एक बारीकसा पुंजका होता, मध्ये जरा दाट, शेपटी असली तरी मनाने लावायची. रांगेतला एक जवान पोरगा हसत बाजूला झाला.

“इतकंच? याच्यासाठी वर्षभर काच घासली?”

लोक हसले. आबेदाचा चेहरा उतरला. सर काही बोलणार होते, पण तीच बोलली.

“हो, इतकंच. तो लांब आहे, इतकाच दिसतो. मोठा करून सांगितला असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण ते खोटं झालं असतं. आता इकडे या, गुरू बघा. त्याच्या बाजूला चार ठिपके आहेत, ते त्याचे चंद्र.”

तो पोरगा पुन्हा आला, वाकला आणि बराच वेळ उठलाच नाही. मागच्यांनी ओढून काढला त्याला. त्यानंतर कोणी हसलं नाही.

रांगेच्या शेवटी भिकुबाई आली. ती उखर्डूच्या घरातली म्हातारी, त्याची आजेसासू. काठी टेकत आली, भिंगाला डोळा लावला, दुसरा लावला, आणि सरळ झाली.

“माले ते काहीच दिखत नही वं बेन.”

“आजी, थांबा, मी नीट लावून देते.”

“तुन्हा काचना दोस नही. मन्हा डोयाना शे.” मग ती खाली बसली आणि बोलायला लागली. ती लहान पोर होती तेव्हा तिने हाच तारा पाहिला होता. बापाने खांद्यावर घेऊन दाखवला होता. “बठ्ठं आभाय भरायेल व्हतं. शेपटी किल्लावरथीन पार इकडे.” सगळं आभाळ भरलं होतं, म्हणत तिने काठीने अर्धं आकाश दाखवलं. “तो परत ई ऱ्हायना असं पोरेसनी सांगं, म्हनीसन उनू.” पुन्हा येतोय असं पोरांनी सांगितलं, म्हणून आले.

आबेदाने कंदील मागवला आणि म्हातारीच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्ही बाहुल्या दुधाळ झाल्या होत्या.

“मोतीबिंदू आहे,” ती म्हणाली. “हे निघतं. सर, मार्चनंतर धूमकेतू संध्याकाळी पुन्हा कधी?”

“एप्रिलच्या शेवटी. पण तोपर्यंत फिका होईल.”

“यांना पाहिलेला आहे, त्यांना फिका चालेल,” आबेदा म्हणाली.

घरच्यांनी मानलं नाही. ऐंशी वर्षांच्या म्हातारीच्या डोळ्याला सुरी लावायची, तीही एका ताऱ्यासाठी? आबेदा एसटीने तीन वेळा सोनगीरला गेली. तिसऱ्या खेपेला तिने आपल्या डाव्या डोळ्यावरची ओढणी बाजूला केली आणि उखर्डूला म्हणाली, “भाऊ, माझा हा डोळा आता कुणी परत देऊ शकत नाही. आजीचे दोन्ही परत मिळतात आणि तुम्ही नको म्हणता?” भिकुबाई आतून म्हणाली की मी जाणार. मग प्रश्न मिटला.

फेब्रुवारीत धुळ्यात डोळ्यांचं शिबिर झालं, त्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या काळी मोतीबिंदू काढला की डोळ्याला फार जाड भिंगाचा चष्मा लागायचा. डॉक्टरांनी नंबर दिला. ती काच आबेदाने घासली. दुर्बिणीचा आरसा खोलगट करायचा होता, ही काच फुगीर. हाशमभाई तिच्या शेजारी बसून होते.

एप्रिलच्या अखेरीस पौर्णिमा सरली, चंद्र उशिरा उगवू लागला. पुन्हा ट्रक, पुन्हा तेच मैदान. या वेळी गर्दी नव्हती. दहा-बाराजण असतील. धूमकेतू आता नुसत्या डोळ्यांनी दिसतच नव्हता म्हणायला हरकत नाही. दक्षिणेला उंचावर शोधायला आबेदाला आणि सरांना फार वेळ लागला, इतका की लोक कंटाळून जमिनीवर बसले. भिकुबाई स्टुलावर बसून होती, जाड चष्मा सांभाळत.

“आजी, या.”

म्हातारी वाकली. आबेदाने तिचं डोकं हाताने धरून भिंगाशी नेलं.

“चष्मा काढू नका. मधोमध बघा. अंधारात एक धुकट डाग आहे, जरा सरकतोय असं वाटेल.”

“नही दिखत… नही…” आणि मग तिने आबेदाचं मनगट घट्ट पकडलं. “दिखना! दिखना वं बेन!”

बराच वेळ ती तशीच वाकून होती. उठली तेव्हा चष्म्याखालून पाणी ओघळत होतं. “केवढा व्हता, केवढा व्हई गया,” ती म्हणाली. “मन्हामायक म्हतारा व्हई गया बिचारा.” माझ्यासारखाच म्हातारा झाला.

आबेदा हसली आणि मग तिलाही रडू आलं. वर्षभरात मी तिला माणसांत रडताना पाहिलं ते तेवढंच.

पुढचं थोडक्यात सांगतो. भिकुबाई त्यानंतर चार वर्षं जगली आणि त्या चष्म्याने गळ्यातल्या पोतीचे मणी ओवायची. जुनं स्थळ पुन्हा आलं नाही, दुसरंही आलं नाही, आणि आबेदाने वाट पाहणं सोडून दिलं. हाशमभाई गेले त्या वर्षी तिने दुकानाची पाटी बदलली नाही, पण खाली एक ओळ रंगवून घेतली: ‘दुर्बिणीचे आरसे घासून मिळतील.’ आधी लोक हसले. मग मुक्ताईनगरच्या एका शाळेचं पत्र आलं, मग शिरपूरचं. तोताराम सर निवृत्त झाल्यावर रोज सकाळी दुकानात येऊन परीक्षेच्या दिव्यापुढे बसू लागले. ब्लेडची धार धरून दोघांचे वाद चालायचे, आवाज चढायचे, आणि दुपारी चहा एकत्र व्हायचा.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये एक मोठा धूमकेतू आला. संध्याकाळी वायव्येला नुसत्या डोळ्यांनी लखलखीत दिसायचा, शेपटीसकट. मी आबेदाला म्हटलं, “याला तुझ्या आरशाची गरजच नाही.”

“नको असू दे,” ती म्हणाली. “याला बघून पोरं बाकीचं विचारायला येतील. त्यासाठी आरसे लागतील.”

तेव्हा तिच्या पिंपावर जामनेरच्या शाळेसाठी दहा इंची आरसा चालू होता, तिचा आजवरचा सगळ्यात मोठा. आधी एका शाळेत पाठवलेला आरसा तिथल्या लोकांनी उलटा बसवला होता, म्हणून हा ती स्वतः घेऊन जाणार होती. आरसा पुरा झाला, तो फडक्यांत बांधून ती निघाली तेव्हा मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. कंडक्टर म्हणाला, बोचकं वर टाका. आबेदाने ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

“वर नाही,” ती म्हणाली. “आणि मला मधली सीट द्या. चाकावरची नको, तिथे धक्के बसतात.”

कंडक्टरने काही विचारायच्या आत एका माणसाने उठून तिला जागा करून दिली, आणि गाडी जळगावच्या रस्त्याला लागली.